बेळगावच्या परसात सेलरी: ‘टॉल युटा ५२-७०’ या बियाण्याच्या पाकिटाविषयी

सेलरीचे बी विकत घेऊन परसात किंवा गच्चीवर पेरावे का, असे बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यातल्या कुणी मला विचारले, तर माझे उत्तर होय असेच आहे. मात्र पाकिटाच्या मागे छापलेल्या सूचना बाजूला ठेवून. बियाणे चांगले आहे, वाण जुना आणि खात्रीचा आहे, किंमतही परवडणारी आहे. पाकिटावरचा मजकूर मात्र आपल्या हवामानाचा विचार करून लिहिलेला नाही, आणि तो शब्दशः पाळणाऱ्या माणसाची ‘हे बी उगवतच नाही’ अशी समजूत होणे स्वाभाविक आहे. मी पाकीट घेतले त्या दुकानदारांनीही मला हेच ऐकवले होते. ‘अक्का, हे बी नेणारे पुन्हा मागायला येत नाहीत, कोथिंबीर-मेथी न्या की,’ असे ते आपुलकीनेच म्हणाले. उगवणीचा दोष बियाण्याकडे किती आणि पेरण्याच्या रीतीकडे किती, हे नीट सांगावे म्हणून हे परीक्षण सविस्तर लिहीत आहे. पाकीट भरणाऱ्या कंपनीचे नाव मी देत नाही, कारण हाच वाण अनेकजण विकतात आणि मी पाहिलेल्या इतर पाकिटांवरही जवळपास असाच मजकूर होता.

‘टॉल युटा ५२-७०’ हा हिरव्या, उंच, जाड देठांचा वाण आहे. त्याची पाने गौण, देठ मुख्य. पुनर्लागवडीनंतर साधारण १०० ते १०५ दिवसांत पूर्ण वाढ, असे त्याचे वेळापत्रक सांगितले जाते, आणि त्याआधी रोप तयार व्हायला १० ते १२ आठवडे लागतात. म्हणजे बी पेरल्यापासून पूर्ण गड्डा हाती येईपर्यंत सहा महिने धरावे लागतात. कोथिंबिरीच्या किंवा मेथीच्या हिशेबाने पाहणाऱ्याला हा काळ फार वाटेल. ज्याने घरी कोबी-फ्लॉवरची रोपे केली आहेत त्यालाही तो लांबलचक वाटेल. ही गोष्ट पाकिटावर ठळक छापायला हवी होती. तिथे ‘९० दिवसांत काढणी’ एवढेच लिहिलेले आहे आणि ते दिवस कुठून मोजायचे याचा उल्लेख नाही.

पाकीट उघडल्यावर आत चंदेरी कागदाची लहान पुडी निघते. आतले बी पाहून पहिल्यांदा घेणारा माणूस हमखास बिचकतो, कारण पुडीत काही आहे की नाही असेच वाटते. सेलरी ही कोथिंबीर, गाजर, बडीशेप, जिरे आणि ओवा यांच्याच कुळातली, पण तिचे बी ओव्यापेक्षाही पुष्कळ बारीक असते. एका ग्रॅममध्ये दोन हजारांच्या वर दाणे भरतात. तळहातावर घेऊन उजेडात पाहिले तर तपकिरी रंगाच्या दाण्यावर बारीक उभ्या शिरा दिसतात, आणि दोन बोटांत चुरडले की ओव्याच्या आणि कोथिंबिरीच्या मधला तीव्र वास येतो. माझ्या पाकिटातले बी स्वच्छ होते, काडीकचरा नव्हता, दाण्याचा रंग सारखा होता आणि त्यावर औषधाचा गुलाबी किंवा हिरवा लेप नव्हता. घरच्या बागेला लागणारे बी यातल्या चिमूटभरातच भागते, त्यामुळे पाकीट लहान असल्याची तक्रार करण्यात अर्थ नाही.

आता सूचनांकडे येते. त्या इंग्रजीत आणि हिंदीत आहेत. मराठीत नाहीत, कन्नडमध्येही नाहीत. ‘ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पेरा, बी अर्धा इंच खोल टाका, ७ ते १० दिवसांत उगवण होईल, रोपांना भरपूर ऊन द्या’ असा त्यांचा सारांश आहे. यातली एकही ओळ बेळगावात जशीच्या तशी चालत नाही, आणि खोलीची ओळ तर कुठेच चालणार नाही.

सेलरीच्या बियाला उगवायला उजेड लागतो. मातीखाली गाडलेले बी बहुधा उगवतच नाही, आणि अर्धा इंच मातीखालून वर येण्याइतके बळ त्या दाण्यात मुळातच नसते. बी मातीच्या पृष्ठभागावर टाकून हलकेच दाबायचे असते, वर टाकायचीच असेल तर चाळलेल्या वाळूची किंवा गांडूळखताची इतकी पातळ भुरभुर टाकायची की दाणे अधूनमधून दिसत राहतील. दुसरे असे की चांगल्या हवेतही उगवणीला दोन ते तीन आठवडे लागतात. दहाव्या दिवशी काही दिसले नाही म्हणून ट्रे उलटा करून कोथिंबीर पेरणारी माणसे माझ्या ओळखीत आहेत, आणि त्यांना दोष देता येत नाही, कारण पाकीटच तसे सांगते.

हंगामाचा मुद्दा याहून महत्त्वाचा आहे. सेलरी ही थंड हवेची भाजी. तिचे बी १५ ते २१ अंश तापमानात सर्वांत चांगले उगवते. पंचवीसच्या वर उगवण मंदावते आणि तीसच्या आसपास बी मेलेले नसतानाही निद्रिस्त राहते. उत्तर भारताच्या मैदानी भागात ऑक्टोबरनंतर हवा गार होते, म्हणून तिथल्या हिशेबाने ऑक्टोबर-नोव्हेंबरची पेरणी ठीक असेल. आपल्याकडे चित्र निराळे आहे. बेळगाव समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरहून उंच, सह्याद्रीच्या कुशीत. इथे ऐन पावसाळ्यात, म्हणजे जुलै-ऑगस्टमध्ये, आभाळ भरलेले असते, दिवसाचे तापमान २५-२६ अंशांच्या आसपास राहते आणि रात्री ते विशीकडे उतरते. पाऊस ओसरल्यावर ऑक्टोबरात ऊन तापते आणि दुपारचा पारा पुन्हा तिशीपर्यंत जातो. उगवणीला अनुकूल अशी हवा आपल्याला श्रावण-भाद्रपदातच मिळते, आणि नेमकी तीच वेळ पाकीट टाळायला सांगते.

पुढचा हिशेबही तसाच आहे. नोव्हेंबरच्या सुरुवातीला पेरलेले बी जानेवारी संपताना लावणीला येईल, आणि त्यापुढचे १०० दिवस मोजले तर काढणी मे महिन्यात पडेल. मे महिन्यातल्या बेळगावात सेलरीचा देठ चिवट, कडवट आणि दोऱ्यांनी भरलेला निघणार, हे सांगायला कृषी पदवीची गरज नाही. म्हणून आपल्या भागासाठी मी असे वेळापत्रक सुचवीन: नागपंचमी ते गणेश चतुर्थी या दरम्यान बी पेरावे, दिवाळी आटोपल्यावर रोपे कुंडीत किंवा वाफ्यात लावावीत, संक्रांतीपासून बाहेरचे देठ काढायला सुरुवात करावी आणि होळीच्या सुमारास पीक आवरते घ्यावे. खानापूर तालुक्यात पाऊस जास्त आणि हवा अधिक गार, तिथे हे आणखी सोपे जाईल. चिक्कोडी-अथणीकडे मात्र उन्हाळा लवकर तापतो, त्यामुळे तिकडे पेरणी नागपंचमीच्या पुढे ढकलू नये आणि लावणी सावलीच्या जाळीखालीच करावी.

पावसाळ्यात पेरायचे म्हणजे बी उघड्यावर पेरायचे नाही, हे उघडच आहे. मागच्या पडवीत, जिथे पागोळ्यांचे पाणी उडत नाही पण दिवसभर उजेड असतो, अशी जागा उत्तम. मी पसरट ट्रेमध्ये भिजवून पिळलेले कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि चाळलेले गांडूळखत समप्रमाणात घेते, पाणी घालून ते दाबून सपाट करते आणि मग पेरणी करते. इतके बारीक बी हाताने सारखे पसरत नाही. निपाणी भागात तंबाखूचे तरवे, म्हणजे रोपांचे वाफे, टाकणाऱ्या शेतकऱ्यांना ही अडचण पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे, कारण तंबाखूचे बी सेलरीहूनही कितीतरी बारीक. बियात बारीक वाळू किंवा राख मिसळून ते विखरायचे आणि बारीक छिद्रांच्या झारीने पाणी द्यायचे, ही त्यांची रीत सेलरीला अगदी तशीच लागू पडते. चिमूटभर बियाला चार चमचे कोरडी चाळलेली वाळू घेऊन कागदाच्या घडीत ती मिसळायची, घडीच्या टोकाला बोटाने टिचक्या मारत ट्रेवर फिरवायची, म्हणजे वाळूच्या पांढुरक्या रेघेवरून बी कुठे पडले आणि कुठे राहिले हेही दिसते. पेरल्यावर वरून पाणी ओतू नये. ट्रे पाण्याच्या परातीत ठेवून खालून भिजू द्यावा, नाहीतर सगळे बी वाहून एका कोपऱ्यात जमा होते. वर काच किंवा पारदर्शक प्लास्टिक ठेवले की ओल टिकते, आणि ही ओल एका दुपारीही तुटता कामा नये. फुगलेले बी एकदा वाळले की ते गेलेच समजावे.

अशा रीतीने पेरल्यावर या पाकिटाने मला निराश केले नाही. दुसरा आठवडा संपता संपता ट्रेवर हिरवी झाक आली, तिसऱ्या आठवड्यात ती दाट झाली, आणि टाकलेल्या बियांपैकी निम्म्याहून बऱ्याच जास्त बिया उगवल्या असाव्यात असा माझा अंदाज आहे. सेलरीसारख्या हट्टी बियासाठी ही उगवण मी चांगली मानते. तुलनेसाठी त्याच पुडीतले थोडे बी पाकिटावर लिहिल्याप्रमाणे मातीखाली टाकून पाहिले होते. त्या कुंडीत तुरळक दोन-चार कोंब दिसले, बाकी माती रिकामीच राहिली. बियाणे एकच, हवाही एकच आणि फरक एवढा. कंपनीने पाकिटावरची ती एक ओळ बदलली तरी तिच्या मालाविषयीच्या निम्म्या तक्रारी बंद होतील, असे मला मनापासून वाटते.

उगवलेले रोप पहिला महिनाभर जागच्या जागी बसल्यासारखे दिसते. दोन बीजपर्णे, मग कोथिंबिरीसारखे कातरलेले पहिले खरे पान, आणि त्यानंतर पुन्हा थांबणे. या काळात खत वाढवून काही साधत नाही. खरी काळजी असते ती मरीची: दमट हवेत रोपाची मान जमिनीलगत पाण्यासारखी पातळ होते आणि रोप आडवे पडते. कोंब दिसू लागताच काच थोडी उचलून हवा खेळती ठेवावी, आणि ट्रेच्या पृष्ठभागावर हिरवे शेवाळ धरू लागले तर पाणी फक्त खालूनच द्यावे. दोन खरी पाने आली की रोपे पेन्सिलीच्या टोकाने अलगद उचलून प्रो-ट्रेच्या कप्प्यात एकेक करून लावावीत. देठाला न धरता पानाला धरावे, कारण पान फाटले तर नवे येते, देठ दबला तर रोप जाते. पितृपक्षानंतर आभाळ मोकळे होऊ लागते, तेव्हापासून सकाळचे कोवळे ऊन द्यावे. ‘भरपूर ऊन’ ही पाकिटावरची सूचना ऑक्टोबरच्या दुपारी पाळली तर प्रो-ट्रेमधली रोपे संध्याकाळपर्यंत माना टाकतात.

चार-पाच पानांचे, वीतभर नसले तरी चांगले भरलेले रोप लावणीला योग्य. वाफ्यात दोन रोपांत १५ ते २० सेंटिमीटर अंतर ठेवले तर देठ उभे आणि घट्ट वाढतात. फार अंतर दिले तर झाड पसरते. कुंडीत लावणाऱ्यांना खानापूरच्या कुंभारांच्या रुंद तोंडाच्या मातीच्या कुंड्या मी आवर्जून सुचवीन. खानापूरची माती आणि तिथले कुंभारकाम यांना नाव आहेच, शिवाय मातीच्या कुंडीच्या अंगातून पाणी झिरपत असल्याने मुळांशी गारवा राहतो. सेलरीची मुळे उथळ असतात, वरच्या वीतभर मातीतच ती पसरतात, म्हणून कुंडी खोल असण्यापेक्षा पसरट असणे बरे. मातीची कुंडी लवकर सुकते हा तिचा तोटा, आणि तो भरून काढायला वर भाताच्या पिंजराचे जाड आच्छादन घालावे. बेळगावच्या आसपास सुगीनंतर पिंजर सहज मिळते आणि लावणीची वेळही नेमकी तीच असते.

पाण्याच्या बाबतीत ही भाजी कसलीही सवलत देत नाही. सेलरीच्या वजनात ९५ टक्क्यांच्या आसपास पाणीच असते, आणि ते तिला रोजच्या रोज हवे असते. एक दिवस भरपूर आणि दोन दिवस कोरडे, असे झाले तर देठ पोकळ आणि दोरेदार होतात. ज्यांच्या घरी नळाला पाणी एक दिवसाआड किंवा त्याहून उशिरा येते त्यांनी बादलीभर पाणी या कुंड्यांसाठी राखून ठेवायची तयारी असेल तरच हे पाकीट घ्यावे. जुन्या गल्ल्यांतल्या ज्या घरांच्या परसात अजून आड शाबूत आहे त्यांना ही चिंता नाही.

आपल्या पश्चिम भागातल्या तांबड्या मातीविषयी थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण हा भाग पाकिटावर असणे शक्यच नव्हते. खानापूर-बेळगावकडची लालसर, जांभ्याची माती पिढ्यान्‌पिढ्यांच्या मुसळधार पावसाने धुपलेली आणि आम्लधर्मी असते. अशा मातीत चुना आणि बोरॉन हे सूक्ष्म अन्नद्रव्य या दोहोंची उणीव असणे साहजिक असते, आणि सेलरी ही बोरॉनच्या उणिवेला सर्वांत लवकर बळी पडणाऱ्या भाज्यांपैकी एक आहे. लक्षण ओळखायला सोपे आहे: देठाच्या बाहेरच्या फुगीर बाजूवर आडव्या चिरा पडतात, चिरांच्या कडा तपकिरी होऊन सालीसारख्या बाहेर वळतात. हा किडीचा उपद्रव समजून कीटकनाशक फवारण्याचा मोह टाळावा. १० लिटर पाण्यात १० ग्रॅम बोरॅक्स विरघळवून एखादी फवारणी केली की नवे देठ नितळ येतात. मात्र प्रमाण वाढवू नये, कारण बोरॉन थोडे जास्त झाले तरी पानांच्या कडा जळतात. दुसरी खूण म्हणजे गाभ्यातली कोवळी पाने काळी पडून कुजणे. ती कॅल्शियम गाभ्यापर्यंत न पोहोचल्याची खूण, आणि तिचे मूळ बहुधा पाण्याच्या अनियमितपणात असते. लावणीच्या महिनाभर आधी मातीत मूठभर चुना आणि चांगले कुजलेले शेणखत मिसळले तर ही दुसरी अडचण आटोक्यात राहते. पूर्वेकडच्या काळ्या मातीत ही अडचण कमी, पण तिथे पाणी साचू न देण्याची काळजी घ्यावी लागते.

किडींचा त्रास माफक झाला. थंडीत कोवळ्या गाभ्यावर मावा बसतो, तो पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने आणि निंबोळी अर्काने जातो. पानांवर नागअळीच्या वेड्यावाकड्या पांढऱ्या रेघा दिसल्या तर ती पाने खुडून टाकावीत. बुरशीचा करपा, ज्यात पानांवर तपकिरी ठिपके पडून त्यांत काळे बारीक टिंब दिसतात, तो बियांतूनच पसरणारा रोग आहे, आणि बियाण्याच्या दर्जाची ती एक खरी कसोटी असते. माझ्या रोपांवर तो आला नाही, याचे श्रेय मी बियाण्याला देईन. ज्यांना आधीच खबरदारी घ्यायची असेल त्यांनी पेरण्यापूर्वी बी ४८ अंशांच्या गरम पाण्यात अर्धा तास ठेवून गाळून घ्यावे. पाण्याचे तापमान मोजायला तापमापक लागेल, अंदाजाने हे काम करू नये.

आता चवीविषयी, कारण शेवटी भाजी खाण्यासाठीच लावायची असते. घरच्या कुंडीतली सेलरी बाजारातल्या फिकट, जाड, रसरशीत जुडीसारखी दिसत नाही, आणि पाकिटावरच्या चित्रासारखी तर मुळीच नाही. तिचे देठ बोटाएवढेच जाड होतात, रंग गडद हिरवा असतो आणि वास दुप्पट तीव्र. कच्ची चावून खायची असेल तर शेवटचे दोन आठवडे झाडाभोवती केळीची सुकी सोपटे किंवा कागद गुंडाळून देठांना उजेड लागू देऊ नये. मग ते फिकट, मऊ आणि सौम्य होतात. मी हे दोन-तीन झाडांपुरतेच करते, कारण स्वयंपाकात मला ती तीव्र चवच हवी असते. सूप आणि फ्राइड राइस यांसाठी ती आहेच, पण मटणाचा आळणी रस्सा करताना दोन देठ आणि मूठभर पाला सोडून पाहावा; रश्शाला जो गंध येतो तो धण्या-जिऱ्याने येत नाही. कोवळा पाला बारीक चिरून बटाट्याच्या भाजीत कोथिंबिरीच्या निम्म्या प्रमाणात चांगला लागतो. झाड मुळासकट न काढता बाहेरचे देठ तळापासून एकेक ओरबाडून घेतले की गाभा वाढत राहतो आणि सहा-सात झाडे एका घराला संक्रांतीपासून होळीपर्यंत पुरतात. एक सावधगिरी सांगायला हवी: सेलरीची काही जणांना जोरदार ॲलर्जी येते, आणि ओला देठ हाताळून कडक उन्हात बसले तर संवेदनशील त्वचेवर लाल चट्टे किंवा फोड उठू शकतात. भरपूर तोडणी करायची असेल तर ती संध्याकाळी करावी आणि हात धुवावेत.

किंमत शंभर रुपयांच्या आत होती, आणि बाजारातल्या दोन-तीन जुड्यांच्या भावात हंगामभराची भाजी मिळते म्हटल्यावर ती रास्तच आहे. लेबलाबाबत मात्र मी समाधानी नाही. उगवणक्षमतेचा किमान टक्का, चाचणीची तारीख, लॉट क्रमांक आणि वैधता या गोष्टी बियाण्याच्या पाकिटावर स्पष्ट असायला हव्यात. १९६६ च्या बियाणे कायद्यामागची भूमिकाच ती आहे की घेणाऱ्याला आपण काय घेतो आहोत ते कळावे. या पाकिटावर त्या तारखा होत्या, पण घडीच्या आत, पुसट शाईत, आणि बोट लागले की पुसल्या जातील अशा. दुकानदारांना विचारल्यावर त्यांनी खोक्यातली पाकिटे उलटीपालटी करून सर्वांत अलीकडच्या तारखेचे शोधून दिले. हे त्यांचे सौजन्य, पण ग्राहकानेही स्वतः मागून घेतले पाहिजे, कारण या बियाला गिऱ्हाईक कमी असल्याने जुना माल खोक्याच्या तळाशी पडून राहण्याची शक्यता जास्त.

किराणा दुकानात मसाल्यासाठी मिळणारे सेलरीचे बी पेरून काम भागेल का, असेही काहीजण विचारतात. पंजाब-हरियाणाकडे सेलरी मोठ्या प्रमाणावर पिकते ती बियांसाठी, देठांसाठी नव्हे. ते बी उगवले तरी त्यातून बारीक देठांची, पानाळ झाडे मिळतात. ज्यांना फक्त सूपसाठी वासाचा पाला हवा आहे त्यांचे त्यावर भागेल. बाजारातल्या जुडीचा बुडखा पाण्यात ठेवून फुटवे काढण्याचा उपाय मुलांना दाखवायला छान आहे. त्यातून थोडी पाने मिळतात, पूर्ण झाड क्वचितच उभे राहते. तयार रोपे मिळाली तर सगळ्यात सोपे, पण आपल्या भागातल्या नर्सऱ्यांत मी कोबी, फ्लॉवर, ढबू मिरची, टोमॅटो यांची रोपे हवी तेवढी पाहिली, सेलरीची पाहिली नाहीत. एखाद्या नर्सरीवाल्याने गणपतीच्या सुमारास दोन-चार ट्रे करून दिवाळीनंतर विकायला ठेवले तर शहरातल्या गच्चीबागांना ती रोपे नक्कीच हवी असतील.

उरलेल्या बियाची सोय आधीच करून ठेवावी, कारण घरी बी धरण्याचा भरवसा इथे धरता येत नाही. सेलरी मुळात दोन वर्षांचे झाड. दहा-बारा अंशांखालची थंडी काही आठवडे लागल्याशिवाय ते सहसा फुलोऱ्यावर येत नाही, आणि बेळगावची थंडी काही रात्री तिथवर उतरली तरी टिकत नाही. एखादे झाड फुलले तरी बी भरायच्या वेळी वळवाचा पाऊस गाठतो. म्हणून पुडी उघडल्या दिवशीच उरलेले बी कागदात घट्ट गुंडाळून, भाजून गार केलेल्या तांदळाच्या चमचाभर दाण्यांसह घट्ट झाकणाच्या लहान बाटलीत घालावे आणि फ्रीजच्या दारात ठेवावे. बाटलीवर पाकिटावरची चाचणीची तारीख लिहून चिकटवावी. अशा रीतीने ठेवलेले बी पुढच्या श्रावणातही चांगले उगवते, आणि त्यानंतरच्या वर्षी पेरायचे असेल तर चिमूटभर बी आधी ओल्या कागदावर उजेडात ठेवून उगवण तपासून घ्यावी.